शौचधर्म आणि शेजारधर्म

आपल्या शास्त्रकारांनी शौचास फार वरचे स्थान दिलेले आहे. पतंजलींनी योगसूत्रांत जे पाच नियम सांगितले त्यांत शौच पहिले आहे. संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान ही त्याच्या मागून येतात. देवळात पाऊल ठेवण्यापूर्वी हातपाय धुणे, स्नानावाचून देवास न शिवणे, गाभारा नित्य धुऊन काढणे, हे सारे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि या शौचधर्माविषयी एक प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही, असे मला वाटते. शुद्ध होणे म्हणजे मळ नाहीसा होणे, की मळ केवळ आपल्यापासून दूर जाणे? वरवर पाहता दोहोंत भेद दिसत नाही. अंगण झाडले, केर कुंपणापलीकडे गेला, अंगण स्वच्छ झाले. परंतु कुंपणापलीकडेही कोणाचे तरी अंगण असतेच. ज्या कृतीने माझे अंगण उजळते आणि शेजाऱ्याचे मळते, तिला शौच म्हणावे काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा यथामति विचार करावयाचा आहे. तो करताना अन्न, इंधन, पाणी आणि केरकचरा या नित्याच्या चार गोष्टींकडे एकत्र पाहावे लागेल. आपण त्यांस चार निराळ्या गोष्टी समजतो; सरकारदरबारीही त्यांची खाती निराळी आहेत. वस्तुतः त्या एकाच साखळीच्या चार कड्या आहेत.

हे एकत्र पाहणे आपल्या भागातील शेतकऱ्यास नवे नाही. जुने गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणावे. चरकातून निघालेला रस काहिलीत पडे आणि उरलेले चिपाड उन्हात वाळून त्याच काहिलीखालच्या चुलवाणात जळे. गूळ करण्यासाठी बाहेरून लाकूडफाटा आणण्याची गरज सहसा पडत नसे. चुलवाणातील राख शेतात जाई. वाढे बैलांपुढे पडत, आणि बैलांचे शेण उकिरड्यात कुजून पुन्हा उसाच्या सरीत येई. त्या गुऱ्हाळात टाकाऊ असे नाव द्यावे अशी वस्तू शोधावीच लागली असती. हे कोणी पुस्तकात वाचून केलेले नव्हते. वस्तू दुर्मीळ होत्या, श्रम स्वतःचे होते, आणि फेकलेले जेथे पडेल ती जागाही स्वतःचीच होती. म्हणून ही व्यवस्था आपोआप जुळून आली.

आजचा साखर कारखाना हेच मोठ्या प्रमाणावर करतो. एक टन ऊस गाळला असता साधारणपणे १०० ते १२० किलो साखर मिळते आणि सुमारे ३०० किलो ओला भुसा, ज्यास बगॅस म्हणतात, तो उरतो. हा बगॅस बॉयलरमध्ये जळून कारखान्यास लागणारी वाफ व वीज देतो, आणि शिल्लक वीज विकलीही जाते. मळीपासून अल्कोहोल होते, प्रेसमडपासून खत होते. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते, तेही कारखान्यास वापरता येते. इतके सारे हिशेबात धरणाऱ्या उद्योगाचे सांडपाणी नदीत का जाते आणि नदीतील मासे तडफडून वर का येतात, याचा विस्मय वाटतो. कारण उघड आहे. कुंपणाच्या आत प्रत्येक वस्तूस मालक आहे आणि प्रत्येक वस्तूस किंमत आहे. कुंपणाबाहेर मालक नाही, म्हणून किंमतही नाही. जेथे आपला हिशेब संपतो तेथून घाण सुरू होते, असा हा नियम दिसतो. आणि तो केवळ कारखान्यास लागू नाही; आपल्या न्हाणीघराच्या मोरीसही तोच लागू आहे.

या नियमाचे फळ पाहावयाचे असेल तर दूर जावयास नको. शेजारच्या पंचगंगेचे उदाहरण घ्यावे. प्रयाग चिखलीच्या संगमावर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी एकत्र येते आणि गुप्त मानलेल्या सरस्वतीसह त्या प्रवाहास पंचगंगा हे नाव मिळते. पुढे ती कोल्हापूर, इचलकरंजी यांच्याजवळून वाहत जाऊन नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. आपल्यापैकी शेकडो कुटुंबे दत्तदर्शनास वाडीला जातात आणि संगमावर भक्तिभावाने स्नान करतात. त्या संगमात जे पाणी येते त्यात कोल्हापूर शहराचे सांडपाणी आहे, वस्त्रोद्योगातील रंगाचे पाणी आहे, कारखान्यांचे आणि काठच्या गावोगावच्या नाल्यांचे पाणी आहे. ज्याने आपल्या मोरीचे पाणी वर सोडले तोच खाली येऊन त्याच नदीस पापनाशिनी म्हणून हात जोडतो! यात दांभिकता आहे असे मी म्हणणार नाही. दोन कृत्यांचा संबंध ध्यानी येत नाही, इतकेच. परंतु संबंध ध्यानी न येणे हाच तर या सर्व अनर्थाचा उगम आहे.

त्याचा दंड कोणास पडला? २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. नदीकाठी वसलेले हे शहर, मागावर राबणाऱ्या हजारो कामगारांचे. परंतु त्याला काठावरच्या नदीचे पाणी विश्वासाने पिता येईना. कृष्णेचे पाणी मजरेवाडीहून आणले, ते पुरेना. मग वारणेचे पाणी दानोळीहून आणण्याची योजना निघाली. वारणाकाठच्या गावांनी तिला कडवा विरोध केला. त्यानंतर कागल तालुक्यातील सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी नेण्याची योजना पुढे आली. आणि २०२३ साली दूधगंगेच्या काठावरील गावांतून, कागलकडील व सीमाभागातील, तिच्याविरुद्ध सभा व मोर्चे झाले.

येथे हा प्रश्न आपल्या दाराशी येतो. दूधगंगा आपली नदी आहे. सह्याद्रीत उगम पावून, काळम्मावाडीच्या धरणातून सुटून, कागलवरून ती आपल्या शिवाराकडे येते आणि पुढे चिकोडी तालुक्याकडे कृष्णेच्या भेटीस जाते. आपली पिके तिच्यावर, आपल्या गुरांचे पाणी तिच्यावर. तेव्हा तिचे पाणी दुसऱ्या खोऱ्यातील शहरास द्यावे की न द्यावे?

न देण्याच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे. ज्यांनी आपली नदी नासविली त्यांनी प्रथम ती सुधारावी, आणि मग दुसऱ्याच्या नदीकडे हात पसरावा, हे म्हणणे न्यायाचे वाटते. अन्यथा एक नदी नासवावी, दुसरीकडे जावे, दुसरी नासवावी, तिसरीकडे जावे, याला अंत राहणार नाही. परंतु हा न्याय उच्चारताना दोन गोष्टी मनात डाचतात. पहिली ही की, तहानलेला मागकामगार आणि नदी नासविणारा, हे एकच नव्हेत. ज्याच्या घरी नळास चार-सहा दिवसांनी पाणी येते त्याने पंचगंगेत रंगाचे पाणी सोडलेले नाही. तहानेल्यास पाणी नाकारणे हे आपल्या धर्मात कोठेही पुण्यकृत्य म्हणून सांगितलेले नाही. आपले पूर्वज तर उन्हाळ्यात वाटेवर पाणपोया घालीत.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपण दूधगंगेस कसे वागवितो? पाट सोडून रात्रभर उसात पाणी तुंबविणे हे आपल्याकडेही चालते. अशा अतिरेकाने शिरोळ तालुक्यातील उत्तम जमिनी क्षारपड होऊन पडल्या, हे आपण पाहिले आहे. ऊस तुटल्यावर पाचट पेटवून देणे आपल्याकडेही चालते. एका हेक्टरात सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. ते जमिनीवर पसरून कुजविले तर ओल टिकते, खत मिळते आणि पाण्याची एखादी पाळीही वाचते. आपण काडी लावतो, आणि मग खतासाठी व पंपाच्या विजेसाठी ओरड करतो. आपल्या गावांचे सांडपाणी ओढ्यात जाते, ओढा दूधगंगेत जातो. पंचगंगेच्या आणि आपल्या वागणुकीत जो भेद आहे तो प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. आज नदी निर्मळ आहे ती बव्हंशी आपल्या काठी मोठे शहर नाही म्हणून. हे सुदैव आहे. त्याला सदाचार म्हणता येणार नाही. आणि जो अधिकार केवळ सुदैवाने मिळाला आहे त्याच्या बळावर दुसऱ्यास धर्म शिकविणे शोभत नाही.

यावरून आपण निमूटपणे पाणी द्यावे असे मी म्हणत नाही. धरणात किती आहे, खालच्या गावांचा वाटा किती, याचा निर्णय जाणकारांनी व दोन्ही राज्यांनी करावयाचा आहे. मला इतकेच म्हणावयाचे आहे की, पाणी मागणारा आणि नाकारणारा हे दोघेही जोवर टाकलेल्या वस्तूची जबाबदारी घेत नाहीत, तोवर दोघांचेही भांडण एकाच चुकीच्या दोन टोकांस धरून चालले आहे.

आपले गाव सीमेवरचे. त्यास ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळावी. २०२१ साली महामारीच्या काळात आपल्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडे चाचणीचा दाखला मागितला जात होता. ज्याच्याजवळ दाखला नाही तो परत फिरविला जाई. त्याच वेळी दूधगंगा मात्र कोणाचाही दाखला न दाखविता या राज्यातून त्या राज्यात वाहत होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर निपाणीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली. पूर ओसरल्यावर घराघरांतून जो गाळ व कचरा काढावा लागला तो आकाशातून पडलेला नव्हता. वर्षभर नदीत, ओढ्यात, नाल्यात टाकलेले नदीने घरपोच आणून दिले होते.

मग उपाय काय? उपाय पुस्तकी नाही. आपल्याच भाषेच्या प्रदेशात तो माणसांनी करून दाखविला आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. विद्वान ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला सफाईचे काम आपणांस द्यावे अशी मागणी केली. उच्चवर्णीयास ते काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी उपास आरंभिला आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये स्वतः उपास केला. ज्या कामास शिवल्याने विटाळ होतो असे जग मानीत होते, ते काम करण्याचा अधिकार मिळावा म्हणून उपास! यातील अर्थ खोल आहे. आपली घाण दुसऱ्या एका जातीच्या डोक्यावर देऊन आपण शुद्ध राहिलो, असे आपल्या समाजाने शतकानुशतके मानले. नदीच्या बाबतीत आपण जे करतो ते माणसांच्या बाबतीत आधीच केलेले होते. अप्पासाहेबांनी ही दोन्ही पापे एकच आहेत हे ओळखले. पुढे १९४८ साली कणकवलीस त्यांनी गोपुरी आश्रम स्थापिला आणि तेथे मेलेल्या जनावराचे कातडे कमावण्यापासून मैल्याचे सोनखत करण्यापर्यंत सर्व कामे स्वतः केली. गरिबास परवडेल असा सोपा संडास त्यांनी सिद्ध केला.

त्यांच्या कामाचा धागा पुढे डॉ. मापुसकर यांनी देहूस नेला. तुकोबारायांच्या त्या गावी डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९५९ च्या सुमारास सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. येणारे रोगी पुन्हा पुन्हा त्याच पोटाच्या विकारांनी येतात आणि औषधाने रोग जातो परंतु कारण जात नाही, हे त्यांनी ओळखले. आरंभी बांधलेले संडास पावसात कोसळले. तरी न खचता अप्पासाहेबांची पद्धत शिकून त्यांनी पुन्हा आरंभ केला. कित्येक दशकांच्या श्रमांनी देहूच्या घरोघरी संडास झाले. त्यापुढे जाऊन त्यांनी मैल्यापासून गॅस निर्माण करणारे 'मलप्रभा' नावाचे संयंत्र बनविले. २०१५ साली ते निवर्तले आणि २०१७ साली सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मश्री दिली.

या संयंत्राची क्रिया समजून घेण्यासारखी आहे. हवाबंद टाकीत शेण, मैला अथवा खरकटे पाण्यासह सोडले की सूक्ष्म जंतू ते कुजवितात. त्यातून मिथेन हा जळणारा वायू निघतो आणि तो नळीने चुलीपर्यंत येतो. मागे उरलेला राडा शेतास खत होतो. साध्या गोबर गॅसचा हिशेब असा की, चार-पाच जनावरांचे रोजचे सुमारे ५० किलो शेण मिळाले तर दोन घनमीटर गॅस होतो आणि त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निभतो. आता पाहावे: घाण ओढ्यात गेली नाही, म्हणून पाणी वाचले, चूल पेटली, म्हणून इंधन मिळाले, खत शेतात गेले, म्हणून अन्न वाढले. चार निराळे प्रश्न एका टाकीने एकत्र सोडविले. कारण ते मुळात निराळे नव्हतेच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे जे चक्र वर्णिले आहे, त्यात घेऊन परत न देणाऱ्यास चोर ठरविले आहे. त्या चक्राचा साधा संसारी अर्थ मला येथे दिसतो.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. आता गोठ्यात पूर्वीइतकी जनावरे राहिली नाहीत. सिलिंडर दारात येतो, मग शेण कालविण्याची दगदग कोण करील? आक्षेप खरा आहे. परंतु शेणाऐवजी खरकटे वापरूनही गॅस होतो. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी असे लहान संयंत्र सिद्ध केले आणि त्यास २००६ साली परदेशातील ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. प्रत्येक घरी गॅसची टाकी हवी असा आग्रह नाही. कोणाचा शोषखड्डा होईल, कोणाची परसबाग, कोणाचे पाचट शेतात राहील. टाकलेले कोठे जाते हे प्रत्येकास ठाऊक असावे, एवढाच आग्रह आहे.

दुसरा आक्षेप असा की, एका घराने केले म्हणून नदी सुधारत नाही. हेही खरे. म्हणूनच ही गोष्ट एकट्याची नसून गावाची आहे. पंचायतीच्या बैठकीत पाण्याचा विषय एका दिवशी, गटाराचा दुसऱ्या दिवशी, दिवाबत्तीचा तिसऱ्या दिवशी निघतो. चारही एका दिवशी, एका कागदावर मांडावेत. गावात पाणी किती येते, त्यातील किती सांडते, ते कोणत्या ओढ्यास मिळते. शेण किती, खरकटे किती, पाचट किती, त्यातून किती चुली पेटतील आणि किती शेतांस खत होईल, हे एकत्र मांडले म्हणजे एका खात्याची अडचण दुसऱ्या खात्याची मिळकत आहे, असे दिसू लागेल.

आणि आरंभ कोठून करावा? माझ्या मते देवळापासून. पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्यास निर्माल्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. देवास वाहिलेले फूल पायदळी येऊ नये, म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडावे, अशी आपली रीत आहे. रीतीमागील भाव थोर आहे. परंतु जेव्हा फुलांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, झरीचे हार आणि थर्मोकोल नदीत जाऊ लागले, तेव्हा भाव राहिला आणि रीत उलटली. देवास वाहिलेले फूल मातीत मिळून पुन्हा तुळशीच्या व जास्वंदीच्या मुळाशी जावे, यात त्याचा अनादर कोठे आहे? निर्माल्यासाठी आवारात एक खड्डा, महाप्रसादास पानांच्या पत्रावळी, उष्टे खरकटे गॅसच्या टाकीत, अभिषेकाचे पाणी बागेत, आणि त्या टाकीच्या गॅसवर उत्सवाच्या चहापासून तरी प्रारंभ, इतके आपल्या समाजास अशक्य नाही. यात खर्च थोडा आहे. हात लावण्याची तयारी मात्र हवी. ते काम पगारी माणसाच्या गळ्यात न घालता, पुजारी, विश्वस्त आणि सभासद यांनी पाळीपाळीने केले, तर अप्पासाहेबांनी उपास करून मागितलेला अधिकार आपणांस विनासायास मिळेल.

सोवळे पाळणे सोडावे असे मी सुचवीत नाही. ते अधिक कडक पाळावे असे सुचवितो. आजवर आपण आपल्या अंगापुरते, घरापुरते, गाभाऱ्यापुरते सोवळे पाळले. आता ते ओढ्यापर्यंत, नदीपर्यंत आणि खालच्या गावाच्या पाणवठ्यापर्यंत न्यावे. आपण पाणी जसे घेतले तसेच ते पुढच्याच्या ओंजळीत पडले पाहिजे, मग तो पुढचा कोणत्याही राज्याचा, जातीचा वा भाषेचा असो. हे ज्या दिवशी आपल्या हातून घडेल, त्या दिवशी दूधगंगेच्या पाण्याविषयी आपण जे बोलू त्यास वजन येईल. देऊ म्हटले तरी येईल आणि देणार नाही म्हटले तरी येईल. तोवर आपले शौच अपुरे आहे, असे नम्रतेने मानणेच श्रेयस्कर होय.